मदत हवी आहे: दळण संपल्याशिवाय खरा खेळ सुरूच होत नाही का?

बोरूबहाद्दर

मंडळी, सल्ला हवा आहे. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मी, माझा कॉलेजपासूनचा मित्र आणि माझा भाचा असे तिघं मिळून एक ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळ खेळतो. म्हणजे ते दोघं खेळतात आणि मी मागून धावतो. खेळाचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं की धागा त्या खेळाचे भक्त आणि वैरी यांच्या ताब्यात जाईल आणि माझा प्रश्न राहील बाजूला.

दर शनिवारी रात्री ते दोघं गिल्डबरोबर, म्हणजे त्यांच्या खेळाडूंच्या कायमच्या गटाबरोबर, मोठ्या रेडला, म्हणजे बऱ्याच जणांनी मिळून करायच्या अवघड चढाईला, जातात. व्हॉइस चॅटवर मीही असतो. तिकडे ड्रॅगन आग ओकत असतो, "डावीकडे पळा, डावीकडे!" असा आरडाओरडा चालू असतो, आणि मी नकाशाच्या दुसऱ्या टोकाला पाणथळीत रानडुकरं मारत असतो. बारा सुळे हवे असतात. मधेच कधीतरी भाचा विचारतो, "मामा, आहेस ना?" मी म्हणतो, "आहे." शनिवारच्या रेडमध्ये माझा वाटा एवढाच.

साठावी लेव्हल गाठायला मला चार महिने लागले. ते बरे गेले, खोटं कशाला बोलू. नवी गावं, नवी जंगलं, दर दोन-तीन लेव्हलला एखादी नवी करामत. साठ झाल्यावर कळलं की रेडचं दार लेव्हलवर उघडतच नाही. खेळातल्या एका टोळीची मर्जी संपादन करावी लागते. त्यासाठी लागतात ४२,००० गुण, आणि रोजची ठरावीक कामं करून दिवसाला मिळतात जास्तीत जास्त १,५००. म्हणजे २८ दिवस. मला आठवड्यातून चार दिवस तासभर मिळतो, म्हणजे सात आठवडे. रविवारी सकाळी बसून एकदाच काय ते उरकून टाकू म्हटलं तर तेही चालत नाही, कारण रोजची मर्यादा. आणि सात आठवड्यांत पुढचा पॅच (खेळाची सुधारित आवृत्ती) येणार, त्यात नवी टोळी आणि तिची नवी मर्जी.

तर प्रश्न असा की हे दळण, म्हणजे तीच ती कामं पुन्हा पुन्हा करणं, खेळाचा विचका करतंय, की माझ्यातच चिकाटी कमी आहे? नेट लावून पुढे जावं, सोडून द्यावं, की मधला काही मार्ग आहे? तुमच्यापैकी कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

फुकटफौजदार

वेळ नसेल तर एकट्याने खेळायचे खेळ घ्या. लोकांना घाम न गाळता सगळं हातात हवं असतं.

बोरूबहाद्दर

घामाला ना नाही हो. चार महिने गाळलाच की. पण सुळे गोळा करून मी रेडसाठी नेमकं काय शिकलो, ते सांगा. डुक्कर सरळ अंगावर येतं आणि दोन फटक्यांत मरतं. ड्रॅगन तसा मरत नाही, असं ऐकून आहे.

जुनं खोड

बोरूबहाद्दर, तुमचं दुखणं जुनं आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये २००७ साली 'बर्निंग क्रुसेड' हा विस्तार आला, तेव्हा रेडमध्ये शिरायला अशाच किल्ल्या आणि परवान्यांची माळ होती. काराझान या पहिल्या रेडची किल्ली मिळवा, मग तिथल्या बॉसना मारून पुढच्या रेडचा परवाना, तिथून त्याच्या पुढचा. कोणी तरी त्या सगळ्याचा तक्ता काढला होता, तो बघूनच माणूस गार व्हायचा.

त्यातला खरा जाच वेगळाच होता. गिल्डमधला एखादा हीलर (बाकीच्यांच्या जखमा भरणारा) सोडून गेला की त्याच्या जागी येणाऱ्याला सगळी माळ पुन्हा जपायला लावायची, आणि त्यासाठी अख्ख्या गिल्डने उलटं मागे फिरायचं. मग गिल्डवाले शहाणे झाले. नवशिक्याला तयार करण्यापेक्षा दुसऱ्या गिल्डचा परवानाधारक खेळाडू फोडणं स्वस्त पडायचं. कुलूप लावलं होतं लायक माणसं पुढे यावीत म्हणून, आणि त्याने माणसं एकमेकांपासून तोडली. ते परवाने टप्प्याटप्प्याने काढत आणले, २००८ च्या पॅचपर्यंत बहुतेक गेले.

पण म्हणून दळण वाईटच, असं मी म्हणणार नाही. त्याच्याही आधीचं सांगतो. १९९९ च्या एव्हरक्वेस्टमध्ये मेलात तर कमावलेला अनुभव वजा व्हायचा, नशीब फुटकं असेल तर लेव्हलही उतरायची. वर तुमचं सामान मढ्यापाशी पडलेलं, ते जाऊन आणायचं. आजच्या पोरांना सांगितलं तर शिक्षा वाटेल. तरी लोक तासन् तास एकाच कोपऱ्यात ठाण मांडून त्याच त्या राक्षसांना मारत बसायचे. कारण एकट्याने बहुतेकांना जमायचंच नाही, आणि मंत्र वापरणाऱ्यांना दर लढाईनंतर खाली बसून मॅना, म्हणजे मंत्रांची शक्ती, भरेपर्यंत थांबावं लागायचं. त्या बसण्यात काय गप्पा व्हायच्या! जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात, तसं. तुमच्या पाणथळीत जातं आहे, पण समोर बसायला कोणी नाही.

हिशोबनीस

खोडसाहेबांनी भावनेचं सांगितलं, मी आकड्यांचं सांगतो.

ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये एखादं कौशल्य ९९ पर्यंत न्यायला १,३०,३४,४३१ अनुभवगुण लागतात. गंमत अशी की ९२ व्या लेव्हलला तुम्ही जेमतेम अर्ध्या वाटेवर असता. शेवटच्या सात लेव्हलना आधीच्या सगळ्यांइतकं दळायचं! कागदावर हा वेडेपणा वाटतो. पण २०१३ मध्ये ही जुनी आवृत्ती परत आणली ती खेळाडूंनीच मतं देऊन, आणि आजही लोक दुसऱ्या पडद्यावर मालिका लावून तासन् तास झाडं तोडत असतात. त्यांना झाडं तोडून कुठे पोचायचं नसतं. तोडणं हाच त्यांचा विरंगुळा.

तुमची गोष्ट वेगळी आहे. तुम्हाला डुकरं नकोत, ड्रॅगन हवाय. तीच मेहनत एकाला विरंगुळा वाटते आणि दुसऱ्याला वेठबिगार, आणि खेळ बनवणाऱ्यांनाही हे चांगलं ठाऊक असतं. वॉरक्राफ्टच्या चाचणीच्या काळात फार वेळ खेळलं की अनुभव निम्मा मिळायला लागायचा. लोक भडकले. मग आकडे जवळपास तेच ठेवून त्यांनी फक्त सांगायची पद्धत उलटी केली: विश्रांती घेऊन आलात तर काही काळ दुप्पट अनुभव. सगळे खूश.

आता तुमच्या १,५०० च्या मर्यादेकडे बघा. ती मुळात तुमच्यासारख्यांच्या सोयीची आहे. नाहीतर तुमच्या भाच्याने दोन दिवसांत ४२,००० उरकले असते आणि तुम्ही आणखी मागे पडला असता. सगळे एकदम निघाले असते तर तिने सगळ्यांना एका रांगेत ठेवलं असतं. उशिरा येणाऱ्याला मात्र ती कायमची तेवढ्याच अंतरावर मागे ठेवते. म्हणून बऱ्याच खेळांत मागाहून येणाऱ्यांना सवलत देतात. वॉरक्राफ्टने 'शॅडोलँड्स' या विस्तारात मागे राहिलेल्यांची 'रिनाउन' (तिथली अशीच मर्जी) भराभर वाढेल अशी सोय केली होती. तुमच्या खेळाच्या जुन्या पॅचच्या नोंदी चाळा. नवा पॅच आला की जुन्या टोळीची मर्जी स्वस्त होते, असं आधी घडलं असेल तर आत्ता एकही डुक्कर मारू नका. सात आठवडे दुसरं काही खेळा. ४२,००० चे कदाचित १०,००० होतील.

बोरूबहाद्दर

हिशोबनीस, हे डोक्यातच आलं नव्हतं. नोंदी बघितल्या. मागच्या दोन्ही वेळा मर्जी अर्ध्यावर आणली होती! पण मग नवा रेड उघडतो आणि हे दोघं तिकडे जातात. मला जुन्या ड्रॅगनच्या रिकाम्या गुहेची किल्ली स्वस्तात मिळणार, असं झालं हे.

टँकवाली

मी तुमच्या भाच्याच्या बाजूने बोलते, कारण मी रेडमध्ये पुढे उभी राहून मार खाणारी आहे.

काही दळण आम्हाला हवं असतं. लेव्हल विकत घेऊन थेट वर आलेले लोक मी रोज बघते. अंगावर झगमगीत चिलखत, पण शत्रूचा मंत्र मधेच तोडायची करामत स्वतःकडे आहे हेच माहीत नसतं. पायाखाली आग लागलीय आणि साहेब त्यातच उभे. अशांपेक्षा चार डंजन (चार-पाच जणांच्या छोट्या मोहिमा) करून, चार वेळा मरून आलेला माणूस परवडला. तेव्हा दाराशी काही तरी परीक्षा असावी, पण ती रेडच्या कामाची असावी. तुमचं डुकराबद्दलचं म्हणणं तिथे मला पटतं.

दुसरं, कथेचं कुलूप. मी खेळते ती फायनल फँटसी चौदा. तिथे जवळजवळ सगळंच मुख्य कथेच्या मागे बंद आहे. २०१३ ची मूळ कथा इतकी पाल्हाळिक होती की २०२० मध्ये त्यातल्या कितीतरी फेऱ्या छाटून टाकल्या. इकडचा निरोप तिकडे, तिकडची टोपली इकडे, असली कामं. तरी अजून लांबच आहे. माझ्या बहिणीने तिसऱ्या आठवड्यात खेळ सोडला. मला विचाराल तर ती लांब वाट खेळातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. आमचं या विषयावर पटत नाही.

पण एक गोष्ट तिथे अक्कलहुशारीने केलीय. जुन्या डंजनमध्ये शिरलं की मोठ्या खेळाडूची ताकद खाली उतरवतात, आणि रोज एकदा असं कुठल्याही डंजनला मदतीला गेलं की त्याचं वेगळं बक्षीस मिळतं. त्यामुळे पंधराव्या लेव्हलच्या नवख्यालाही बरोबर जायला माणसं मिळतात. मी स्वतः रोज जाते. बक्षिसासाठीच जाते, पण जाते. तुमच्या खेळात लेव्हल उतरवायची सोय असेल तर त्या दोघांना खाली ओढा ना. तुम्हीच का वर चढायचं?

शेवटची फेरी

सरळ खेळच बदला की. गिल्ड वॉर्स दोनमध्ये २०१२ पासून लेव्हलची मर्यादा ८० आहे ती ८०च. वर्षभराने परत आलात तरी तुमची तलवार कामाची असते. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनने २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये लेव्हलची कुंपणंच काढली, नवा आणि जुना खेळाडू एकाच प्रदेशात एकत्र फिरू शकतात.

जुनं खोड

अगदी दळण नाही असं म्हणू नका. गिल्ड वॉर्स दोनच्या २०१५ च्या विस्तारात हवेत तरंगायला शिकायचं तरी 'मास्टरी'चे गुण दळावे लागत होते. दळण सगळीकडे आहे, फक्त पीठ वेगळं.

बोरूबहाद्दर

खेळ बदलायचं भाच्याला विचारलं. त्याची गिल्ड इथे आहे, तो हलणार नाही. बरोबरच आहे त्याचं.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. पहिल्या पोस्टमध्ये मुद्दाम लिहिली नव्हती, कारण तिने माझ्या तक्रारीची धार जाते. गेल्या मंगळवारी पाणथळीत दुसरा एक खेळाडू आला. त्यालाही सुळेच हवे होते. पाच मिनिटं आम्ही एकमेकांची डुकरं पळवत होतो. मग त्याने चॅटमध्ये एवढंच लिहिलं: "नाल्याच्या अलीकडची तुझी, पलीकडची माझी." त्यानंतर एक शब्द नाही. दोघं आपापल्या काठावर. माझे बारा झाले तरी मी निघालो नाही. त्याचा एक राहिला होता. नियम मोडून मी अलीकडचं एक डुक्कर हाकत नाल्यापार नेलं आणि त्याच्यासमोर सोडलं. त्याच्या पात्राने वाकून नमस्कार केला. त्या दिवशी मला शनिवारपेक्षा जास्त मजा आली. आता याला काय म्हणायचं?

टँकवाली

याला जात्यासमोर दुसरं माणूस म्हणायचं. खोडसाहेब सांगत होते तेच. भाच्याशी बोललात का तुम्ही? खेळ बदलण्याबद्दल नाही, याबद्दल.

बोरूबहाद्दर

धागा वर काढतोय, दोन आठवडे झाले.

बोललो. मला वाटत होतं त्याला सगळं दिसतंय आणि तो दुर्लक्ष करतोय. तो म्हणाला, "मामा, तू दर शनिवारी 'आहे' म्हणतोस. मला वाटायचं तुला तसंच ऐकत बसायला आवडतं." यावर मी काय बोलणार?

डुकरं बंद केली आहेत, पॅच येईपर्यंत तरी. शनिवारचा रेड त्यांचा त्यांना. बुधवारी तासभर तिघांनी नवी पात्रं घेऊन पहिल्या लेव्हलपासून सुरू केलंय, आणि त्या पात्रांना एकट्याने हात लावायचा नाही असं ठरलंय. पहिल्या बुधवारी भाचा इतका पुढे पळत होता की आम्ही पोचेपर्यंत सगळं मरून पडलेलं असायचं. मित्राने वैतागून त्याला सक्तीने हीलर केलं. आयुष्यात पहिल्यांदा तो मागे उभा राहिला, आणि त्याने आम्हाला एका संध्याकाळी तीनदा मारलं. तिसऱ्यांदा तर तो मॅना संपवून चक्क मलाच ओरडत होता, "मामा, मार कशाला खातोस!"

रेडचं काय ते पॅच आल्यावर बघू. फुकटफौजदारांचं एक मान्य, मला कदाचित ड्रॅगन कधीच दिसणार नाही.

तूर्तास एक नवी अडचण. गुहेतल्या कोळ्यांच्या विषाच्या १८ पिशव्या आणायला सांगितलं आहे. त्या तिघांच्या मिळून १८ की प्रत्येकी १८? भाचा म्हणतो मिळून.

टँकवाली

खेळाचं नाव तुम्ही अजून सांगितलेलं नाही, पण प्रत्येकी. नेहमी प्रत्येकी.