चर्चा: विद्यापीठांचे खेळ एआययूकडेच राहावेत का?

गोदाकाठ: 1925 ला कुलगुरूंनी आंतरविद्यापीठ मंडळ काढलं, तेच 1973 पासून भारतीय विद्यापीठ संघ, म्हणजे एआययू. 1940-41 च्या सुमारास खेळही तिच्याकडे आले. 2020 ला भुवनेश्वरला केंद्र सरकारच्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा सुरू झाल्यापासून काहीजण म्हणतात, खेळ एआययूकडून काढून घ्या. माझा ठाम विरोध आहे. आपली मराठवाड्यातली कॉलेजं आधी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. 1958 ला मराठवाडा विद्यापीठ झालं, तेव्हा कुठं आपली पोरं आपल्या नावानं मैदानात उतरली. मी परभणीकडून खो-खो खेळलो. विद्यापीठाच्या संघात खेळणाऱ्याला मिळणारा कलरकोट घरी आणला तेव्हा आई शेतातून आली होती. आधी हात धुतले, पदराला पुसले, मगच तिनं कोटाला हात लावला.

बालाघाट: भाऊ, कोटाचा मान मोठाच. पण आपल्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर फौजेत गेला आणि धावपटू तिथं घडला. हांगझोऊच्या एशियाडला स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं सुवर्ण आणलं, त्यात विद्यापीठ कुठं आहे? खेळात सगळ्यात सरस विद्यापीठाला मौलाना आझाद करंडक 1956-57 पासून देतात. तो बहुतेक वेळा पंजाबातच राहिला. माझ्या पुतणीच्या संघाला किट मिळालं ते स्पर्धा उरकल्यावर. पोरी मागून आणलेल्या मोठ्या बुटांत कापूस कोंबून खेळल्या. ऐंशीहून जास्त वर्षं खेळ एआययूच्या हाताशी असून हेच का?

तुळजाईची लेक: काका, वाचून जीव तुटला. पण किट द्यायचं असतं विद्यापीठानं, एआययूनं नाही. आणि खेलो इंडियाला संघ जातात ते अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेतल्या पहिल्या आठांतून. खालची पायरीच काढली तर वर चढणार कुठून?

बालाघाट: पायरी ठेवा, पण बारीक करा. गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आणि आपण, सगळे एकाच पश्चिम विभागात. त्यात बाद फेरी. एवढ्या लांब जायचं, एक सामना हरायचा की लगेच परत. पोरगं शिकणार कधी? आधी साखळी सामने द्या, मग कोण कमी पडतं ते बघू.

गोदाकाठ: साखळीचं शंभर टक्के पटलं, दादा. आम्हीही एका वर्षी पहिलाच सामना हरून त्याच रात्रीची गाडी धरली होती. आईनं चार दिवसांच्या दशम्या बांधून दिल्या होत्या. त्यातल्या निम्म्या तशाच घरी आणल्या.