आई वारली, ती आत्ता नेमकी कुठे आहे? (माहेर प्रोटेस्टंट, सासर कॅथलिक)

नगरची_लेक

नमस्कार. माझं माहेर नगरचं, आम्ही प्रोटेस्टंट, आणि लग्न होऊन आले वसईच्या कॅथलिक घरात. गेल्या पावसाळ्यात आई गेली. दफनाच्या वेळी आमच्या पाळकसाहेबांनी सांगितलं की ती प्रभूजवळ आहे, आता तिच्यासाठी प्रार्थना करायची गरज नाही, मागे राहिलेल्यांसाठी करा. इकडे सासूबाई मात्र आईच्या नावाने मिस्सा (कॅथलिक चर्चमधली उपासना) ठेवतात, म्हणतात की आपल्या प्रार्थनेची तिच्या आत्म्याला मदत होते. दोघंही इतक्या मनापासून बोलतात की कुणाला खोटं म्हणवत नाही. त्यात गावाकडची एक मावशी फोनवर म्हणाली की आईचा जीव अजून घरातच घुटमळतोय, कुणाला तरी विचारून बघ. आणि नवरा शांतपणे म्हणतो की जे दिसत नाही, मोजता येत नाही, त्यावर एवढा जीव का पाखडायचा.

मला एवढंच विचारायचंय की मी हे टाइप करतेय त्या क्षणी आई कुठे आहे? तिला काही कळतं का, की शेवटच्या दिवसापर्यंत ती झोपेत आहे? ती स्वप्नात पण येते. पंथांचं भांडण नको प्लीज, आधार देऊन सांगा.

शास्त्राभ्यासी

ताई, तुमच्या दुःखात सहभागी आहे. मी पण प्रोटेस्टंटच, तर आपल्या बाजूने काय शिकवतात ते आधी सांगतो.

झोपेचा प्रश्न जुनाच आहे. प्रेषित पौल बायबलमधल्या आपल्या पत्रांत मेलेल्यांना झोपी गेलेले म्हणतो त्यामुळे काही जणांनी असं धरलं की आत्मा पुनरुत्थानापर्यंत बेशुद्ध असतो. सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विन, त्याने तरुणपणीच या मताविरुद्ध एक पुस्तक लिहिलं होतं, आणि १६४६ च्या वेस्टमिन्स्टर मतपत्रात (प्रोटेस्टंट शिकवणीचा लेखी जाहीरनामा) स्पष्टच लिहिलंय की आत्मे मरतही नाहीत आणि झोपतही नाहीत. आधार म्हणाल तर वधस्तंभावरच्या चोराला प्रभू "आज" म्हणाला, शेवटच्या दिवशी नाही (लूक २३:४३). पौल पण फिलिप्पैकरांना लिहितो की इथून निघून ख्रिस्ताजवळ असणं हे जास्त चांगलं, आता नुसतं बेशुद्ध पडून राहायचं असतं तर त्याने ते जास्त चांगलं कशाला म्हटलं असतं?

पण एक गोष्ट आपल्या मंडळ्यांमध्ये फार कमी सांगितली जाते, ती म्हणजे ही शेवटची अवस्था नाही. ख्रिस्ती आशा म्हणजे आत्मा सुटून कायमचा वर गेला आणि संपलं, असं नाही. पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा १५ वा अध्याय (१ करिंथ १५) पूर्ण वाचा, एका बैठकीत वाचा. शरीर पुन्हा उठणार आहे. प्रभू उठल्यावर शिष्यांना वाटलं भूत बघतोय, तर त्याने हातपाय दाखवले, भुताला हाडमांस नसतं म्हणाला आणि त्यांच्यासमोर भाजलेला मासा खाल्ला (लूक २४). आणि तोच येशू दारं बंद असताना आत येऊन उभा राहिला असं योहान सांगतो. म्हणजे ते शरीर आपल्यापेक्षा कमी खरं नव्हतं, जास्तच खरं होतं. तुमच्या आईचे ते हात, तो चेहरा, देवाने ते टाकून दिलेलं नाहीये. मला स्वतःला या गोष्टीने जितका धीर येतो तितका दुसऱ्या कशानेच येत नाही.

वसईकर_काका

मुली, सासूबाईंच्या बाजूने मी बोलतो, कारण कॅथलिक शिकवण पुष्कळदा चुकीची सांगितली जाते, कधीकधी आमच्याच लोकांकडून.

परगेटरी म्हणजे मरणानंतर आत्मा शुद्ध होण्याची अवस्था, छोटा नरक नव्हे. तिथे असलेला प्रत्येक आत्मा तारलेलाच आहे, देवाकडेच निघालाय, फक्त देवासमोर उभं राहण्याआधी त्याच्यातलं उरलंसुरलं स्वच्छ होतंय. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या परिपत्रकात काही धर्मपंडितांचं एक मत मांडलंय, की जाळणारा आणि तारणारा तो अग्नी म्हणजे ख्रिस्तच, त्याची नजर आपल्यावर पडते तेव्हा खोटं सगळं जळून जातं. मला हे खूप पटतं. मृतांसाठी प्रार्थनेचा आधार २ मक्काबी १२ मध्ये आहे, यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्यांच्या पापांसाठी पैसे गोळा करून यरुशलेमला अर्पणासाठी पाठवतो. आता हे पुस्तक तुमच्या बायबलमध्ये नाही, म्हणून तुमचे पाळक त्यावर उभे राहू शकत नाहीत आणि आम्ही राहतो, बराचसा फरक इथून सुरू होतो. शिवाय मध्ययुगात याच्या नावाने क्षमापत्रांचा (पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या पत्रांचा) जो पैशाचा व्यवहार झाला त्यावर धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर १५१७ मध्ये उठला, आणि त्याचा राग योग्यच होता.

पण त्याच्या मागे जे आहे ते बघ. प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, आम्ही पण आणि तुम्ही पण म्हणतो की पवित्र जनांच्या संगतीवर आमचा विश्वास आहे. म्हणजे मंडळी फक्त बाकावर बसलेली नाही. इब्री १२ मध्ये साक्षीदारांचा मोठा मेघ आपल्याभोवती आहे असं लिहिलंय. सासूबाई तुझ्या आईसाठी मिस्सा ठेवतात ती भीतीपोटी नाही ठेवत, विहिणीचं नातं मरणाने तुटलं असं त्या मानायलाच तयार नाहीत. २ नोव्हेंबरला आमच्याकडे कबरी साफ करून फुलं मेणबत्त्या लावतात, फादर येऊन आशीर्वाद देतात, अख्खं गाव असतं तिथे, तू एकदा जाऊन उभी राहा म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

फिजिक्सवाली_पुणे

तुमच्या मिस्टरांच्या प्रश्नावर मला लिहायचंय, कारण मी कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि चर्चलाही जाते आणि हा प्रश्न मला स्टाफरूममध्ये नेहमी येतो. मोजण्याचं साधन जे मोजायला बनवलंय तेच मोजतं. त्यात काही सापडलं नाही यावरून दुसरं काही नाहीच असं ठरत नाही, तो निष्कर्ष फिजिक्सचा नाही, तो वेगळा विश्वास आहे आणि तो तसा प्रामाणिकपणे मांडावा.

पण ख्रिस्ती लोकांनी पण एक लक्षात ठेवायला हवं. ३२५ साली निकियातल्या धर्मपरिषदेत जो मतांगीकार ठरला त्यात देवाला दृश्य आणि अदृश्य सगळ्याचा निर्माता म्हटलंय. म्हणजे अदृश्य जग सुद्धा निर्मितीच आहे! देवदूत सुद्धा निर्माण केलेलेच. त्यामुळे जे जे अदृश्य ते ते पवित्र असं होत नाही, इफिस ६ मध्ये पौल अदृश्य दुष्ट शक्तींशी झुंज आहे म्हणतो आणि योहान प्रत्येक आत्म्याची परीक्षा करा म्हणतो. आणि उलट बाजूने जे दिसतं ते हलकं किंवा घाणेरडं असंही नाही, देवाचा शब्द देही झाला, म्हणजे येशूच्या रूपाने माणूस झाला, हा तर आपल्या विश्वासाचा गाभा. दोथान गावाला शत्रूने वेढा दिल्यावर अलीशा संदेष्ट्याने चाकरासाठी प्रार्थना केली ती आठवा (२ राजे ६). त्याचे डोळे उघडले तर डोंगर अग्निरथांनी भरलेला. ते रथ प्रार्थनेमुळे आले नाहीत, आधीपासूनच होते.

आणि म्हणूनच मावशींचं अजिबात ऐकू नका. "कुणाला तरी विचारून बघ" यातलं कुणाला तरी म्हणजे कोण ते आपल्याला माहीत आहे, पैसे काढतात आणि घरात भीती सोडून जातात. बायबलच्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, १८ व्या अध्यायात, मृतांना विचारणं सरळ मना केलंय, शौल राजा मृतांना बोलावणाऱ्या एन-दोरच्या बाईकडे गेला त्याचं पुढे काय झालं ते १ शमुवेलमध्ये वाचा. या एका बाबतीत प्रोटेस्टंट कॅथलिक पूर्ण एक आहेत.

स्वप्नाचं म्हणाल तर आई स्वप्नात आली तर येऊ दे. तिच्याबद्दल देवाचे आभार माना, हवं तेवढं रडा, आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी प्रभू स्वतः रडला, आणि काही मिनिटांत त्याला उठवणार हे माहीत असून रडला. फक्त स्वप्नावरून निर्णय घेऊ नका, त्यात निरोप शोधत बसू नका.

नगरची_लेक

सगळ्यांचे खूप आभार, काका तुमचं विहिणीचं वाक्य वाचून सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या उठून आत गेल्या. मावशीला सांगून टाकलं की मी कुणाकडे जाणार नाही. १ करिंथ १५ काल रात्री वाचला, नवरा पण शेजारी बसून ऐकत होता, काही बोलला नाही.

आता शेवटची शंका. आई कॅथलिक नव्हती, मग तिच्यासाठी मिस्सा चालते का? आणि मी गेले तर मी काय करायचं?

वसईकर_काका

चालते. चर्चच्या कायद्यात कलम ९०१ आहे, धर्मगुरू जिवंत किंवा मृत कुणासाठीही मिस्सा अर्पण करू शकतो, कॅथलिकच हवा असं नाही. तू जरूर जा, पुढे सासूबाईंजवळ बस, गीतं म्हण, वाचनं ऐक. कम्युनियन (प्रभुभोजन) मात्र साधारणपणे कॅथलिकांनाच दिलं जातं, तेव्हा त्या वेळी जागेवरच थांबून प्रार्थना कर, कुणी काही म्हणणार नाही. मृतांसाठी प्रार्थना करायला तुझं मन घेत नसेल तर नको करूस, आईच्या आयुष्याबद्दल आभार मान, तेवढं तुझ्या पाळकसाहेबांनाही चालेल. आणि फादरना आधी आईचं नाव कागदावर लिहून दे, म्हणजे ते नीट घेतलं जाईल.