अनुभव धागा: पोट साफ होत नव्हतं, मग नेमकं कारण कसं सापडलं?

सिडकोत माझं औषधांचं दुकान आहे. काउंटरवर गर्दी असली की काही गिऱ्हाईकं बाजूला थांबून राहतात आणि सगळे गेल्यावर हळू आवाजात म्हणतात, "ताई, पोट साफ व्हायचं काहीतरी द्या." कधीपासून त्रास आहे, असं विचारलं की उत्तर बहुतेकदा वर्षांत येतं. तोवर एरंडेल, त्रिफळा, सोनामुखीची चूर्णं सगळं करून झालेलं असतं. तपासणी मात्र झालेली नसते. फार वाईट वाटतं, म्हणून हा धागा. नाशिक आणि आसपासच्यांनी मोकळेपणाने लिहा. डॉक्टरांची, कंपन्यांची नावं नकोत. लहान मुलांचं वेगळं असतं, ते इथे नको.

एक आधी सांगते. शी रोज झालीच पाहिजे असं नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यात कुठेही बसत असाल आणि त्रास नसेल तर ठीक आहे. बद्धकोष्ठ आहे की नाही हे डॉक्टर ज्या रोम निकषांवर ठरवतात (चौथी आवृत्ती, २०१६), त्यात किती वेळा होते हा एकच मुद्दा आहे. बाकीचे असे: कुंथावं लागणं, खडे होणं, अर्धवट राहिल्यासारखं वाटणं, गुदद्वाराशी अडल्यासारखं वाटणं, बोटाने काढावं लागणं. यातली किमान दोन लक्षणं गेले तीन महिने असावीत आणि सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची असावी.

अंबड, वय ३८, कारखान्यात नोकरी

आमची शिफ्ट आठवड्याला बदलते. रात्रपाळी लागली की पोट बंदच. डॉक्टरांनी सात चित्रांचा तक्ता पुढे केला, ब्रिस्टल तक्ता म्हणतात त्याला. तुमचं कोणतं, म्हणाले. मी पहिल्यावर बोट ठेवलं, लेंड्यांसारखे सुटे खडे. तोंडाने सांगायला अवघड गेलं असतं, चित्रामुळे सोपं झालं. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर दिली, १७ ग्रॅम ग्लासभर पाण्यात. सवय लागेल का, हीच माझी धास्ती होती. त्यांनी समजावलं की ही आतड्याला ढोसत नाही, मळात पाणी धरून ठेवते. दुसरी गोष्ट वेळेची. खाल्ल्यावर मोठं आतडं आपोआप हालचाल करतं. त्यामुळे शिफ्ट कोणतीही असो, झोपून उठल्यावर आधी काहीतरी खायचं, मग जाऊन निवांत बसायचं, मोबाइल बाहेर. पावडर आता कधीतरीच लागते.

गंगापूर रोड, वय ४४, शिक्षिका

माझी शाळा दिंडोरी तालुक्यात. पहाटे डबे करायचे, एसटी गाठायची, त्या घाईत होत नाही. सुरुवातीची कितीतरी वर्षं शाळेत बायकांसाठी धड स्वच्छतागृह नव्हतं, त्यामुळे दिवसभर दाबून धरायचं. माझ्याबरोबरच्या बहुतेक जणींची हीच कथा आहे आणि याबद्दल कुणी बोलत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

इसबगोल घेतलं की पोट फुगायचं, बाहेर काही पडायचं नाही. अर्धा-अर्धा तास बसून डोकं दुखायचं. शेवटी पोटविकारतज्ज्ञ बाईंनी गुदद्वाराची बोटाने तपासणी केली आणि "शी करताना लावता तसा जोर लावा" म्हणाल्या. तेव्हा कळलं की जोर लावताना जो स्नायू सैल पडायला हवा, तो माझा उलट आवळला जातो. म्हणजे मळ गुदद्वारापर्यंत येतो आणि दार बंद. अशा वेळी वरून कितीही चूर्ण ढकललं तरी काय होणार?

मग दोन तपासण्या झाल्या. मॅनोमेट्रीत बारीक नळी घालून आतला दाब मोजतात. दुसरी फुग्याची: छोट्या फुग्यात ५० मिली पाणी भरतात आणि तो बाहेर टाकायला सांगतात, साधारण मिनिटाभरात निघायला हवा. माझा निघाला नाही. संकोच वाटतो, पण दुखत नाही, हे मुद्दाम लिहितेय. उपचार म्हणजे बायोफीडबॅक. पडद्यावर स्वतःच्याच स्नायूचा आलेख बघत तो सैल सोडायला शिकायचं, पोटाने श्वास घेत जोर कसा लावायचा ते शिकायचं. त्यासाठी मुंबईला जावं लागलं. घरी कमोडसमोर पाट ठेवला आहे, पाय त्यावर, गुडघे कमरेच्या वर, थोडं पुढे वाकून. आज मला कुठलंच औषध लागत नाही. बायांनो, दाबून धरू नका, आणि शाळेत स्वच्छतागृह मागून घ्या.

पंचवटी, सासूबाईंची सून

सासूबाई ऐंशीच्या पुढे. खुब्याचं हाड मोडल्यावर अंथरुणाला खिळल्या. दुखण्यावर ट्रॅमाडॉल, शिवाय लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या. पोट अडलं, आणि मग एकदम पातळ गळायला लागलं. जुलाब थांबवायची गोळी देणार तेवढ्यात घरी येणाऱ्या सिस्टरांनी हात धरला. डॉक्टर येऊन बघतात तर आत मळाचा मोठा खडा बसलेला आणि त्याच्या कडेने पातळ झिरपतंय. एनिमा देऊन मोकळं केलं, नंतर रोजची पावडर सुरू केली. अंथरुणावरच्या माणसाला अचानक पातळ होऊ लागलं तर हे लक्षात ठेवा. आणि अशा गोळ्यांनीही पोट अडतं, म्हणून डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या.

नाशिक रोड, वय ५९

माझं पोट आयुष्यभर घड्याळासारखं. पन्नाशीनंतर अचानक बदललं. वजन उतरलं, हिमोग्लोबिन कमी आलं. नातेवाईक मूळव्याध म्हणत होते. मुलीने हट्टाने कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करायला लावली. मोठ्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आता ठणठणीत आहे, तपासण्या चालू आहेत. मळातून रक्त, वजन घटणं, रक्त कमी होणं, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर, किंवा या वयात नव्याने सुरू झालेली तक्रार, यातलं काहीही असेल तर चूर्ण घेत बसू नका.

सातपूर, वय ३१

थकवा, थंडी सोसेना, केस गळती, आणि पोट जड. थायरॉइडच्या रक्ततपासणीत टीएसएच वाढलेला निघाला. थायरॉइडची गोळी बसल्यावर पोटही सुधारलं.

निफाड

वडिलांना बरीच वर्षं बद्धकोष्ठ होतं. हात थरथरायला लागला तो फार नंतर, तेव्हा पार्किन्सनचं निदान झालं. डॉक्टर म्हणाले, या आजारात पोटाची तक्रार अशी आधी येऊ शकते.

इंदिरानगर

सगळं वाचलं. मला एवढं काही नाही, पण खाण्याने काय होतं ते सांगा. आणि ताई, थायरॉइडची गोळी आणि इसबगोल एकत्र चालतं का?

धागाकर्तीकडून

मोठ्या माणसाला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू लागतात. भाकरी, सालीच्या डाळी, पेरू, पपई, भिजवलेल्या मनुका, जे परवडेल ते; पण हळूहळू वाढवा, नाहीतर गॅस होतो. किवीवर अभ्यास झालेत, रोज दोन किवींनी फरक पडलेला दिसला. इसबगोल भरपूर पाण्याबरोबरच घ्यायचं, कोरडं कधीच नाही, घशात अडकू शकतं. गिळायला त्रास असेल किंवा खडा बसलेला असेल त्यांनी घेऊ नये. थायरॉइडची गोळी सकाळी अनशापोटी आणि इसबगोल रात्री, असं अंतर ठेवा, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्याही थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवा.