मदत हवी आहे: वीज गेली की रास्पबेरी पायचं घड्याळ मागे पडतं आणि पाऊस भलत्याच दिवशी नोंदला जातो

गडनदीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. थोडं लांबतंय, पण तपशील दिल्याशिवाय अडचण कळणार नाही.

आमचं घर कणकवली तालुक्यात. बाबा १९८८ पासून रोज सकाळी साडेआठला अंगणातल्या पर्जन्यमापकातलं पाणी मोजून वहीत लिहितात. साडेआठलाच, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी ८.३० असा धरतात. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पावसात रोज अंगणात उतरायला लागू नये म्हणून मी टिपिंग बकेटचा पर्जन्यमापक बसवला. ०.२ मिमी पाणी साचलं की भांडं झुकतं, रीड स्विच (चुंबकाने लागणारं बटण) लागतो आणि रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक त्या क्षणाची वेळ फाइलमध्ये लिहितो. इंटरनेट फोरजी राउटरवरून.

या जुलैत घोळ झाला. बरं वाटलं की बाबा अजूनही स्वतः मोजतात, म्हणून तो पकडता आला.

१५ तारखेच्या सकाळी वहीत १४२ मिमी, पायच्या हिशोबात १७८.
१६ तारखेच्या सकाळी वहीत ९६, पायच्या हिशोबात ५८.

दोन दिवसांची बेरीज वहीत २३८ आणि पायमध्ये २३६. दोनेक मिमीचा फरक दोन वेगळ्या मापकांत असणारच. म्हणजे पाऊस हरवलेला नाही, एका दिवसातून दुसऱ्या दिवसात सरकलाय. आलेख काढला तर १४ तारखेच्या दुपारी दीडपासून धो धो पाऊस दिसतो. त्या दुपारी आमच्याकडे लख्ख ऊन होतं, आईने गोधड्या वाळत घातल्या होत्या! आणि १५ तारखेला सकाळी आठ ते दुपारी चार आलेख कोरडा, जेव्हा आम्ही दार उघडू शकत नव्हतो.

१४ ला दुपारी एकच्या सुमारास लाईट गेली होती, रात्री नऊनंतर आली. टॉवर मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी चारला सुरू झाला. याचा संबंध असणार एवढं कळतं. पुढचं कळत नाही. प्रश्न दोन:

घड्याळ नेट नसतानाही बरोबर राहील असं काय करू? आणि चुकीच्या वेळेने नोंदलेला पाऊस परत जागेवर आणता येईल का? दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा आहे. सदतीस-अडतीस वर्षांच्या वहीशेजारी ही फाइल ठेवायची आहे, त्यात खोटे आकडे नकोत.

लोलक

ताई, गोधड्यांचा पुरावा पक्का आहे. कारण सांगतो.

साध्या संगणकात मदरबोर्डवर सीआर२०३२ सेल असतो, त्यावर घड्याळ वीज नसतानाही चालतं. पाय ४ मध्ये असं घड्याळच नाही. (पाय ५ मध्ये आहे, पण त्यालाही बॅटरी वेगळी जोडावी लागते.) त्यामुळे पाय चालू होताना डिस्कवर शेवटची साठवलेली वेळ उचलतो आणि तिथून पुढे मोजू लागतो. बंद असतानाचा काळ त्याच्या लेखी घडलेलाच नसतो. नेट आलं की टाइम सर्व्हरला विचारून एकदम उडी मारतो.

तुमच्याकडे पाय साधारण आठ तास बंद होता. रात्री नऊला उठला तेव्हा त्याला वाटलं दुपारचा एक वाजलाय. रात्रीचा पाऊस दुपारचा म्हणून लिहिला गेला. दुसऱ्या दिवशी चारला नेट आलं, तेव्हा त्याच्या घड्याळात सकाळचे आठ होते, तिथून तो चारवर गेला. म्हणून मधला कोरडा पट्टा. आणि खऱ्या साडेआठनंतरचा ३६-३७ मिमी पाऊस त्याने आदल्या दिवसात घातला.

तीन गोष्टी सांगा. वेळ कुठला प्रोग्राम जुळवतोय: सिस्टमडी-टाइमसिंकडी की क्रोनी? टाइमडेटसीटीएल आदेश दिला की काय दिसतं? आणि तुमची स्क्रिप्ट सिस्टमडी सेवा म्हणून (म्हणजे पायसोबत आपोआप सुरू होऊन मागे) चालते का, चालत असेल तर प्रत्येक टिपेला (भांडं एकदा झुकलं की) स्क्रीनवर काही छापते का?

रात्रपाळी

सोपा उपाय आहे. सेवेच्या फाइलमध्ये टाइम-सिंक टार्गेटनंतरच सुरू हो असं लिहा आणि टाइम-वेट-सिंक सेवा चालू करा. वेळ जुळेपर्यंत स्क्रिप्ट सुरूच होणार नाही, चुकीची नोंदही होणार नाही. आमच्या सर्व्हरवर असंच ठेवलंय.

शेतावरचा

रात्रपाळी, सर्व्हरसाठी हे बरोबर, इथे चालणार नाही. १५ तारखेला ही पद्धत असती तर रात्री नऊ ते दुपारी चार एकही टीप मोजली गेली नसती. कोकणात लाईट, टॉवर आणि रस्ता जायची वेळ आणि सगळ्यात मोठ्या पावसाची वेळ एकच असते. वेळ चुकली तर दुरुस्त करता येते, न मोजलेलं पाणी परत येत नाही.

ताई, माझ्या शेततळ्यावर हाच त्रास होता. डीएस३२३१ हे सेलवर चालणाऱ्या घड्याळाचं छोटं मॉड्यूल घ्या. त्यातला वेळ मोजणारा स्फटिक तापमानाप्रमाणे स्वतःला सांभाळून घेतो. ० ते ४० अंशांत चूक जास्तीत जास्त दहा लाखात दोन, म्हणजे महिन्याला पाचेक सेकंद. डीएस१३०७ स्वस्त मिळतं, पण उन्हाळा-हिवाळ्यात भरकटतं, घेऊ नका.

एक धोका नक्की लक्षात ठेवा. बाजारातल्या निळ्या मॉड्यूलवर सेल चार्ज करणारं सर्किट असतं. ते ५ व्होल्टला जोडून त्यात साधा सीआर२०३२ घातला, तर चार्ज न होणारा सेल चार्ज होऊ लागतो आणि फुगतो. माझा एक फुगला होता. पायच्या ३.३ व्होल्टच्या पिनेलाच जोडा. पायच्या आय२सी पिनांनाही (ज्यांवरून तो मॉड्यूलशी बोलतो) ३.३ च चालतो.

गडनदीकाठ

तिघांचे आभार. शेतावरचा, सेलचं सांगितलंत ते फार बरं केलंत, मी ५ व्होल्टलाच जोडणार होते.

लोलक, टाइमसिंकडी नाही, क्रोनी आहे. गेल्या वर्षी एका जुन्या लेखातली मांडणी जशीच्या तशी उतरवली होती. आता क्रोनीसी सोर्सेस हा आदेश देऊन बघितलं तर तिन्ही सर्व्हरसमोर प्रश्नचिन्ह आणि रीचच्या रकान्यात ०. आत्ता नेट चालू आहे, हा धागा त्याच राउटरवरून लिहितेय! १५ तारखेला तर जुळलं होतं, मग आता का नाही?

स्क्रिप्ट सेवा म्हणूनच चालते आणि हो, प्रत्येक टिपेला "टीप" असा शब्द छापते. चाचणीसाठी टाकलं होतं, काढायचं राहून गेलं.

लोलक

तो शब्द काढायचा राहिला हे फार चांगलं झालं. त्याकडे येतो, आधी रीच.

रीच हा मागच्या आठ प्रयत्नांचा हिशोब, अष्टमान पद्धतीत लिहिलेला. ३७७ म्हणजे आठही उत्तरं आली, ० म्हणजे एकही नाही. एनटीपी, म्हणजे नेटवरून वेळ विचारायची पद्धत, यूडीपीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवर चालते. क्रोनीच्या मांडणीत अ‍ॅक्विझिशनपोर्ट १२३ अशी ओळ आहे का? जुन्या लेखांमध्ये असते. तिच्यामुळे तुमचा पायही १२३ वरूनच विचारतो. २०१४ च्या आसपास एनटीपी सर्व्हर वापरून मोठे हल्ले झाले, तेव्हापासून काही पुरवठादार ग्राहकाकडून १२३ वरून निघणारी पाकिटं अडवतात. सगळीकडे नाही, सगळ्या वेळी नाही, त्यामुळे १५ ला जुळलं आणि आज नाही असं होऊ शकतं. ओळ काढा, क्रोनी आपोआप दुसरा मोकळा पोर्ट घेईल.

सर्व्हर चार ठेवा. एकच असेल तर तो सांगेल ते खरं मानावं लागतं. दोन असतील आणि त्यांचं पटलं नाही, तर कोण चुकतोय ते ठरवता येत नाही. चार असले की एखादा बिघडला तरी बाकीचे तीन त्याला उघडा पाडतात. नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सीझियमच्या अणुघड्याळांवर भारतीय प्रमाणवेळ राखते, तिचा टाइम.एनपीएलइंडिया.ओआरजी घ्या. उरलेले तीन इन.पूल.एनटीपी.ओआरजी मधून.

फोरजीवर अचूकता किती मिळेल याची काळजी नको. पाय पाकीट पाठवताना वेळ टिपतो, सर्व्हर ते मिळाल्याची आणि उत्तर सोडल्याची, आणि पाय पुन्हा उत्तर हातात आल्याची. या चार वेळांवरून जाण्यायेण्याचा उशीर वजा होतो. जायचा आणि यायचा रस्ता सारखा नसेल तेवढीच चूक उरते, आणि ती फेरीच्या निम्म्याहून जास्त होत नाही. फेरी ८० मिलिसेकंदांची असेल तर चूक फार तर ४०. पावसाला ती काहीच नाही.

मेकस्टेप १ ३ ही ओळ राहू द्या. सुरुवातीच्या तीन जुळवण्यांत फरक एका सेकंदाहून मोठा असेल तर क्रोनी उडी मारतो, नंतर मात्र घड्याळ किंचित हळू किंवा जलद करून गुपचूप जुळवतो. आरटीसीसिंक हीसुद्धा घाला. डीएस३२३१ बसवलंत की जुळलेली वेळ दर ११ मिनिटांनी त्यात उतरत राहील.

आता हरवलेला पाऊस. सिस्टमडीचं जर्नल (त्याची नोंदवही, सेवा जे छापते ते तिथे जातं) प्रत्येक ओळीसोबत दोन वेळा साठवतं. एक भिंतीवरच्या घड्याळाची, जी उडी मारते. दुसरी पाय चालू झाल्यापासून किती सेकंद गेले त्याची, जी कधीच उडी मारत नाही. तुमची प्रत्येक "टीप" तिथे दोन्ही वेळांसह पडलेली असणार. जर्नल डिस्कवर राहतं का बघा: /वार/लॉग/जर्नल हा फोल्डर आहे का? जर्नलसीटीएलला लिस्ट-बूट्स विचारा, १४ तारखेचं बूट (पाय चालू झाल्यापासून बंद होईपर्यंतची एक खेप) सापडलं की त्या बुटाच्या ओळी जेसन स्वरूपात बाहेर काढा.

मग वेळ जुळल्यानंतरची कुठलीही एक ओळ घ्या. भिंतीवरच्या वेळेतून चालू झाल्यापासूनचे सेकंद वजा करा. पाय खरोखर कधी सुरू झाला तो क्षण मिळेल. त्याच बुटातल्या आधीच्या प्रत्येक टिपेचे सेकंद त्या क्षणात मिळवा. खरी वेळ मिळाली. स्फटिक थोडा इकडेतिकडे असला तरी एकोणीस तासांत फरक एखाददोन सेकंदांचा.

गडनदीकाठ

काल रात्री जेवण झाल्यावर बसले, दीड वाजला, पण झालं.

ती अ‍ॅक्विझिशनपोर्टची ओळ होती. काढली, क्रोनी पुन्हा सुरू केला, दहा मिनिटांत चारही सर्व्हरसमोर ३७७. पैकी एकासमोर तारा, म्हणजे सध्या त्याचं ऐकतोय असं दिसतं.

जर्नल डिस्कवर होतं. १४ तारखेचं बूट सापडलं. उडीच्या आधीची ओळ सकाळी ७.५९ ची, नंतरची दुपारी ४.०२ ची, आणि दोन्हींत चालू झाल्यापासूनचे सेकंद जवळपास सारखेच, ६८ हजारांच्या घरात. पाय खरा सुरू झाला रात्री ९.०८ ला. फरक ८ तास ३ मिनिटं. सगळ्या टिपा तेवढ्या पुढे सरकवल्या आणि साडेआठच्या हद्दीवर पुन्हा बेरीज केली.

१५ तारखेला १४१. १६ तारखेला ९५. वहीत १४२ आणि ९६.

सकाळी बाबांना आलेख दाखवला. १४ ची दुपार कोरडी, रात्री साडेनऊनंतर पाऊस धरलेला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, पहाटे चारला जोर होता, तो बरोबर आलाय.

एक अडचण राहिली. जूनमध्येही दोनदा असंच झालं होतं, त्या बुटांचं जर्नल जुनं म्हणून पुसलं गेलंय. माझ्या फाइलमध्ये फक्त भिंतीवरची वेळ आहे. लाईट किती वाजता आली ते आम्हाला अंदाजे आठवतं. त्यावरून सरकवू का?

शेतावरचा

आठवणीवरून सरकवू नका, ताई. एक तासाची चूक साडेआठच्या हद्दीवर पडली तर पुन्हा तेच होईल, आणि या खेपेला ते आपण केलेलं असेल. दिवसाचा आकडा बाबांच्या वहीतला घ्या, तासांचा तपशील सोडून द्या.

मॉड्यूल आल्यावर एवढं करा: जुनं फेक-एचडब्ल्यूक्लॉक काढून टाका, नाहीतर ते डीएस३२३१ च्या आधी जुनी वेळ बसवतं. आणि राउटरसकट पायला एखादी बॅटरी लावा. घड्याळ कितीही चांगलं असलं तरी पाय बंद असताना टिपा मोजायला कोणी नाही.

लोलक

सहमत. आणि इथून पुढे स्क्रिप्टमध्येच प्रत्येक टिपेसोबत चार गोष्टी लिहा: वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत), चालू झाल्यापासूनचे सेकंद, बुटाची ओळख, आणि त्या क्षणी घड्याळ जुळलेलं होतं की नाही. म्हणजे जर्नल राहो न राहो. यूटीसीत साडेआठ म्हणजे बरोब्बर ३.००, हद्द काढायलाही सोपं. मॉड्यूलही कधी बंद पडलंच तर जीपीएस रिसीव्हरचा विचार करा. त्याला टॉवर लागत नाही, मोकळं आकाश पुरतं.

जूनच्या दिवसांसाठी कोष्टकात एक रकाना वाढवा, "वेळ खात्रीची नाही". टिपा पुसू नका, नुसती खूण करा.

गडनदीकाठ

रकाना जोडला. जूनच्या चार तारखांसमोर खूण केली आणि बेरीज वहीतली ठेवली. मॉड्यूल मागवलंय, मंगळवारपर्यंत येईल. बसवल्यावर मुद्दाम राउटर बंद ठेवून, पायची वीज रात्रभर काढून बघते आणि सकाळी साडेआठला काय दिसतं ते इथेच लिहिते.