अनुभव धागा: झोप यावी म्हणून घेतलेली दारू

अर्धीझोप: मुलगा कॉलेजात आहे. काल फोनवर सहज म्हणाला, "झोपच येत नाही बाबा, मग थोडी घेतो पोरांबरोबर. पडल्या पडल्या डोळा लागतो." पुढचं मला ऐकूच आलं नाही. दुसऱ्या वर्षाला माझे तीन विषय राहिले होते, तेव्हा माझंही हेच चालायचं. बाराला मेल्यासारखा झोपायचो आणि तीन-सव्वातीनला टक्क जागा. घशाला कोरड, छातीत धडधड. पंखा इतका हळू फिरायचा की पाती मोजता यायची. सकाळपर्यंत एकच विचार: आपण वाया गेलो. मला ते परीक्षेचं टेन्शन वाटायचं, म्हणून रात्री परत तोच उतारा. तुमचं काय?

निशाचर: तीनची जाग!! मी तर रूम पछाडलेली आहे म्हणून बदलून मागितली होती 😂

गोळीवाली: दुकान उघडायचंय, घाईत लिहितेय. भूत नाही हो. पहिल्या काही तासांत दारू स्वप्नांची झोप दाबून ठेवते. लिव्हर साधारण तासाला एक छोटा पेग निपटतं. उतरली की मेंदू उसळी मारतो, म्हणून ती धडधड आणि चित्रविचित्र स्वप्नं. घसा सैल पडतो, त्यामुळे घोरणंही वाढतं.

पाय_मोकळे: घोरण्यावरून आठवलं. माझा रूममेट दोन पेगनंतर ट्रॅक्टर. चार वर्षं कानात कापूस घालून काढली. आता तोच माझा व्याही होतोय.

निशाचर: मुलगी कोणाची आणि ट्रॅक्टर कोणाचा, नीट सांगा.

शांतपणे: विषय हलका चाललाय, पण लिहिते. शेजारच्या खोलीतली मुलगी महिनोन्‌महिने धड झोपत नव्हती. एका रात्री झोपेच्या गोळ्या घेतल्या, वर दारू. हलवलं तरी उठेना. कुशीवर वळवलं आणि गाडी येईपर्यंत घड्याळ हातात धरून श्वास मोजले. दोन श्वासांमधलं अंतर वाढत होतं. वाचली. नंतर जो तो विचारायचा, बाटली कोणी आणली? ती झोपत नव्हती हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, मलाही. ते अजून टोचतं.

गोळीवाली: बापरे. कुशीवर वळवलंत तेच बरोबर केलंत. ती गोळी आणि दारू, दोन्ही श्वास मंदावतात.

कोरा_कागद: मी सोडली तेव्हा पहिले दोन आठवडे झोप आणखी बिघडली. हे आधी कोणीच सांगितलं नव्हतं, म्हणून दोनदा परत सुरू केली. समुपदेशक बाईंनी झोपेची वही लिहायला लावली, त्यात प्यायलेले आणि कोरडे दिवस. वही बघून मलाच लाज वाटली. (रोज भरपूर घेणाऱ्यांनी मनानेच एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. डॉक्टरांना विचारा.)

चष्मा_कुठेय: मी थेंबही घेतला नाही, तरी चार वर्षं जागाच. रात्री अकराला कॉफी प्यायचो हा भाग वेगळा.

शांतपणे: @अर्धीझोप, मुलाला लेक्चर देऊ नका हं.

अर्धीझोप: नाही दिलं. आत्ताच बोललो. फक्त विचारलं, तीनला जाग येते का रे? बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "तुला कसं कळलं?" शनिवारी जातोय भेटायला.

पाय_मोकळे: बेस्ट. @निशाचर, मुलगी त्याची. ट्रॅक्टरही त्याचाच.