मुंबईत दोन रनवे, मग एकावेळी एकच का?

घाटकोपरकर: आमच्या गच्चीवरून २७ नंबरच्या रनवेवर उतरणारी विमानं रोज बघतो, चाकं बाहेर आलेली पण दिसतात. दुसरा रनवे असताना सगळी एकामागोमाग इथूनच का येतात?

गगन: अरे ०९/२७ आणि १४/३२ हे दोन रनवे (दोन आकडे म्हणजे रनवेची दोन टोकं) एकमेकांना छेदतात ना, दोन्हीवर एकदम विमानं सोडली तर मधल्या क्रॉसिंगला धोका, म्हणून एकावेळी एकच. मेन रनवे म्हणजे ०९/२७ बंद असला की १४/३२ वापरतात.

मृणाल_ता: आणि २७ म्हणजे २७० अंश, पश्चिम. समुद्रावरचा वारा समोरून मिळतो, त्यामुळे जमिनीवरचा वेग कमी लागतो, शिवाय हा रनवे १४/३२ पेक्षा लांबही आहे. एकाच रनवेवर एवढं ट्रॅफिक काढणाऱ्या कंट्रोलर मंडळींना खरंच मानलं पाहिजे!

घाटकोपरकर: भारी, धन्यवाद ताई!