अंगोरा सशाला ऑगस्टच्या फेअरमध्ये पूर्ण लोकरीसह न्यावं का?

केतकीची आई (न्यू जर्सी)
नमस्कार मंडळी. लेक १२ वर्षांची, काउंटीच्या फोर-एच क्लबात (मुलांना पशुपालन वगैरे शिकवणारा क्लब) जाते. तिची इंग्लिश अंगोरा मादी आहे, पांढरीशुभ्र, नाव कापशी. मार्चअखेर लोकर कातरली होती, आता जूनमध्ये ती पुन्हा चांगली वाढली आहे. फेअर ऑगस्टच्या मध्यावर, उघड्या मांडवात. क्लबातल्या मुली म्हणतात, लोकर तशीच ठेव, तरच बक्षिसाची रिबन मिळेल. मला मात्र उन्हाची धास्ती वाटते. जज नेमकं काय बघतात? आणि मार्चची लोकर बुटांच्या खोक्यात जपून ठेवली आहे. नाशिकहून आलेल्या आजीनं केतकीला टकळी शिकवली आहे. त्या लोकरीचं फेअरमध्ये काही करता येईल का?

लोकरवेडी (पेनसिल्व्हेनिया)
ताई, तुमची धास्ती अगदी खरी आहे. कापशीला आत्ता, याच आठवड्यात कातरा. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्यतः कानच असतात, आणि इंग्लिश अंगोराच्या तर कानांवरही झुपके. पारा ३० अंशांच्या वर गेला की साधा ससाही धापा टाकतो, मग साडेचार महिन्यांची लोकर अंगावर असलेल्या सशाचं काय होईल? शिवाय इतके दिवस ठेवलेली लोकर तीन-चार महिन्यांनंतर आपोआप सुटायला लागते आणि मुळाशी नमदा धरते, म्हणजे गुंतून घट्ट थर होतो. म्हणजे ऑगस्टमध्ये ती दाखवण्याजोगी राहीलच असं नाही.

जज काय बघतात ते सांगते. अमेरिकन रॅबिट ब्रीडर्स असोसिएशनच्या मानकात इंग्लिश आणि फ्रेंच अंगोराचे निम्म्याहून जास्त गुण एकट्या लोकरीला आहेत: दाटपणा, पोत आणि लांबी. जज पाठीवर हलकी फुंकर मारतात. लोकर दुभंगते तिथे कातडी जितकी कमी दिसेल तितका दाटपणा चांगला. पोत म्हणजे नुसता मऊपणा नव्हे. मऊ आतल्या लोकरीत जरा जाड, लांब राखणकेस मिसळलेले असावे लागतात, तेच गुंता होऊ देत नाहीत. दात, नखं, डोळे, डाव्या कानातला गोंदलेला नंबर हेही तपासतात. नंबर गोंदून घेतला आहे ना? नसेल तर ब्रीड क्लासमध्ये, म्हणजे सशाच्या जातीच्या मानकावर गुण देणाऱ्या वर्गात, घेणारच नाहीत.

लोकर महिन्याला साधारण एक इंच वाढते. आता कातरलीत तर ऑगस्टमध्ये जेमतेम दोन इंच असेल, ब्रीड क्लासमध्ये तेवढ्यावर निभाव लागणं कठीण. पण ऑक्टोबरमध्ये तीन-चार इंचांचा सुंदर कोट तयार होतो आणि हवाही थंड असते. इंग्लिश अंगोराचा मोसम तोच. ऑगस्टमध्ये केतकीला शोमनशिपमध्ये उतरवा. तिथे गुण मुलीच्या हाताळणीला असतात: ससा न घाबरवता उलटा कसा धरते, दात दाखवते का, प्रश्नांची उत्तरं देते का. कातरलेली, निरोगी कापशी तिथे पुरेशी आहे.

आणि खोक्यातली लोकर! माझा जीव तिथेच अडकला आहे. बहुतेक फेअर्समध्ये हातकताईच्या सुताचा वेगळा वर्ग असतो, पुस्तिकेत बघा आणि प्रवेशाची तारीख चुकवू नका, ती बरीच आधी संपते. पाठीची आणि कुशीची लांब लोकर वेगळी काढा, पोटाची आणि पायांची बाजूला. धुऊ नका. मेंढीच्या लोकरीसारखं तेलकट मेण अंगोरात नसतं, ती थेट कातता येते. दाबून भरू नका, हाताळाल तितकी नमदा धरेल. टकळी तर उत्तमच: वाटीत टेकवून फिरवली की धाग्यावर वजन येत नाही, आणि अंगोरासारख्या निसटत्या तंतूला तेच हवं असतं. पीळ मात्र सढळ हातानं द्यायला सांगा, नाहीतर वापरताना केस गळतात. सुरुवातीला धागा अगदी गुळगुळीत दिसेल, काळजी करू नका, फुलोरा (धाग्याभोवतीची मऊ लव) हाताळल्यावर येतो.

डोंगरवाट (मंडी, हिमाचल)
लोकरवेडी ताईंशी पूर्ण सहमत. इकडे कुल्लूजवळ गडसा इथं केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं केंद्र आहे, तिथं अंगोरा पाळतात. डोंगरी थंडीतही साधारण अडीच-तीन महिन्यांनी कातरतातच, कारण ससा अंग चाटताना केस गिळतो आणि त्याला उलटी करता येत नाही. पोट बंद पडलं की एका दिवसात जीव जाऊ शकतो. वाळलेलं गवत चोवीस तास समोर हवं. एकच भर घालतो: कातरल्यावर पहिले दोन-तीन दिवस पिंजरा उन्हात किंवा थेट पंख्यासमोर ठेवू नका.

केतकीची आई
फार आभार दोघांचे. उद्याच कातरतो. नंबर गोंदलेला नाही, क्लबच्या ताईंना विचारते. फेअरच्या दिवशी पिंजऱ्यासाठी काय तयारी? आणि कातलेल्या सुताची लडी द्यायची कशी?

लोकरवेडी
पाणी भरून गोठवलेल्या बाटल्या, निदान तीन-चार, फडक्यात गुंडाळून आत ठेवायला आणि बदलायला. कान गरम लागले, तोंड उघडून श्वास घेऊ लागली, तर कान गार पाण्यानं ओले करा, अंग बुडवू नका, आणि तडक घरी न्या, रिबन असो वा नसो. डॉक्टरांना सशांच्या रक्तस्रावी रोगाच्या लशीबद्दल आजच विचारा. २०२० पासून तो इथल्या रानसशांमध्येही पसरला आहे, दुसरा डोस पहिल्यानंतर तीन आठवड्यांनी असतो, आणि काही फेअर्स दाखला मागतात.

लडी चार ठिकाणी, आठाच्या आकड्यासारखी, सैल बांधा. मग कोमट पाण्यात बुडवून, न पिळता, टॉवेलमध्ये दाबून वाळवा. चिठ्ठीवर लिहा: शंभर टक्के इंग्लिश अंगोरा, टकळीवर कातलेलं, किती यार्ड. आणि कापशीचं नावही लिहू द्या केतकीला.